व्हॉइसमेल ठेवला, तरी उलट फोन का येत नाही?

पुण्याहून न्यू जर्सीत येऊन चार महिने झालेल्या एका ताईंचा हा प्रश्न आहे. सासूबाईंच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हवा म्हणून त्यांनी एका दवाखान्यात तीन वेळा व्हॉइसमेल ठेवला, पण एकदाही उलट फोन आला नाही. "माझं इंग्रजी चांगलं आहे, ऑफिसात दिवसभर तेच बोलते. मग चुकतं कुठे? निरोप नेमका कसा ठेवायचा?" असं त्या विचारतात.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यात एकोणीस वर्षं फ्रंट डेस्कवर आहे. सकाळी साडेसातला दार उघडलं की पहिलं काम म्हणजे रात्रभरात साठलेले निरोप ऐकून उतरवून काढणं. एरवी पंधरा-वीस असतात, सोमवारी चाळीसच्या वर जातात. आमच्याकडे भारतीय पेशंट खूप आहेत, त्यामुळे मराठी माणसाचा निरोप कुठे अडकतो ते मी रोज ऐकते. ताईंच्या इंग्रजीत काही खोट असेल असं मला वाटत नाही. अडचण वेगळीच असते.

व्हॉइसमेल कुणी नुसता ऐकत नाही, तो कुणीतरी लिहून घेत असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं बरंचसं आपोआप सुधारतं. पलीकडे एका कानाला रिसीव्हर, हातात पेन, समोर फॉर्म असं कुणीतरी बसलेलं असतं. बोलणारा आपल्या वेगाने बोलतो, लिहिणारीचा हात तिच्या वेगाने चालतो. ऐकणारी मागे पडली की तिला निरोप पहिल्यापासून लावावा लागतो. दोनदा लावते, तीनदा लावते. तोवर काउंटरवर माणसं उभी राहिलेली असतात, आणि तो निरोप "नंतर बघू"च्या रांगेत जातो. त्या रांगेतून उलट फोन उशिरा जातो, कधी जातच नाही. हे बरं आहे असं मी म्हणत नाही. पण होतं असं.

माझ्यासमोरच्या फॉर्मवर पाच रकाने आहेत: पेशंटचं नाव, जन्मतारीख, उलट फोन करायचा नंबर, काम काय, आणि कोणते डॉक्टर. आता आपल्याकडचा नेहमीचा निरोप कसा असतो बघा. कुणा एकाचा नाही, शेकडो निरोपांचा मिळून हा नमुना आहे: "हॅलो, गुड मॉर्निंग, मायसेल्फ शुभदा. आय हॅड कॉल्ड यस्टरडे ऑल्सो. ॲक्चुअली माय मदर-इन-लॉ हॅज कम फ्रॉम इंडिया, अँड देअर ओन्ली शी वॉज हॅविंग सम गिडिनेस, सो अवर फॅमिली डॉक्टर सेड…" तीस सेकंद गेली आणि माझ्या फॉर्मवर फक्त "शुभदा" आहे. तेही पेशंटचं नाव नव्हे, कारण पेशंट सासूबाई आहेत आणि त्यांचं नाव अजून आलेलंच नाही. नंबर येतो सगळ्यात शेवटी, "काइंडली कॉल मी बॅक"च्या पाठोपाठ, एका श्वासात, दहाही आकडे एकमेकांना चिकटून.

आपण असं बोलतो यामागे चांगुलपणाच असतो. आधी विचारपूस, मग पार्श्वभूमी, मग काम, ही आपली बोलण्याची रीत. थेट कामाचं बोलणं उद्धट वाटतं. समोर माणूस असेल तर ही रीत मला आजही प्रिय आहे. पण रेकॉर्डिंग मान डोलावत नाही, मधेच "हो, बोला" म्हणत नाही, अडलं तर विचारत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी पेशंटचं पूर्ण नाव, मग जन्मतारीख, मग तुमचा नंबर, त्यानंतर तुम्ही कोण आणि काम काय, आणि शेवटी नंबर परत एकदा. नंबर सुरुवातीलाच का? कारण एखादा आकडा निसटला तर मला मिनिटभराचा निरोप पुन्हा ऐकावा लागत नाही, पहिली पंधरा सेकंदं पुरतात.

नाव म्हणजे विम्याच्या कार्डावर छापलेलं असेल तेच. घरी त्यांना माई म्हणत असाल, सोसायटीत सगळे काकू म्हणत असतील, पण आमच्या कॉम्प्युटरला माई ठाऊक नाहीत. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, ते कधी पहिल्या नावाला जोडून छापलं जातं, आणि मग त्याच बाई एका दवाखान्यात एका नावाने असतात, लॅबमध्ये दुसऱ्या. कार्ड हातात धरून बोला.

जन्मतारीख सांगताना महिना नावाने सांगा. इथे आधी महिना येतो, मग तारीख. "फाइव्ह सेव्हन फिफ्टी-टू" म्हणालात तर तुमच्या मनात ५ जुलै असतं आणि मी ७ मे लिहिते. मग फाइल सापडत नाही आणि निरोप बाजूला पडतो. "जुलै फिफ्थ, नाइन्टीन फिफ्टी-टू" म्हटलं की वाद मिटला.

नंबराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त निरोप इथेच मरतात. भारतातला मोबाइल नंबरही दहा आकडी आणि इथलाही दहा आकडी, पण तोडायची पद्धत वेगळी. आपण पाच-पाच तोडतो किंवा दोन-दोनच्या जोड्या करतो. इथल्या माणसाचा हात तीन, तीन, चार असा चालतो: आधी तीन आकड्यांचा एरिया कोड, मग तीन, मग चार. ७३२, थांबा. ५५५, थांबा. ०१४२. थांबा म्हणजे मनात "एक, दोन" म्हणण्याइतकं. आणि "डबल", "ट्रिपल" अजिबात नको. मी नवी असताना शेजारी बसणाऱ्या अमेरिकन सहकारी बाईंनी एकदा मला फॉर्म दाखवला, त्यावर नऊच आकडे होते. निरोप लावून ऐकला. एक आजोबा अगदी स्वच्छ "डबल फोर" म्हणत होते. माझ्या कानाला दोन चार ऐकू आले, त्यांच्या कानाला कुठलासा अनोळखी शब्द आणि पुढे एक चार. आजोबांचा काही दोष नव्हता, बाईंचाही नव्हता. त्या दिवशी मी तिथे नसते तर आजोबा आठवडाभर वाट बघत बसले असते.

"नंबर तर स्क्रीनवर दिसतोच ना?" हे मला सगळे विचारतात. दिसतो, पण तो तुमचाच असतो असं नाही. ऑफिसच्या फोनवरून केलात तर कंपनीचा मुख्य नंबर दिसतो. घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून केलात तर त्यांचा. शिवाय निरोप ऐकणारी व्यक्ती आणि उलट फोन करणारी नर्स वेगळ्या असतात. नर्सच्या हातात माझी चिठ्ठी असते, स्क्रीन नसतो.

आता स्पेलिंग. जुन्या टेलिफोन पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो, आणि ऑफिसांमधले कितीतरी फोन आजही तेवढ्यावरच चालतात. "एफ" आणि "एस" यांच्यातला फरक ज्या बारीक सुसकाऱ्यात असतो, तो बराचसा या पट्ट्याच्या वर राहतो. म्हणून फोनवर एफ आणि एस सारखे ऐकू येतात, एम आणि एन सारखे, आणि बी, डी, पी, टी, व्ही ही तर एकाच आईची लेकरं वाटतात. समोरासमोर हे कळत नाही, कारण ओठ दिसतात. म्हणून अक्षराला शब्द जोडायचा.

इथे आपली एक सवय नडते. आपण लहानपणापासून "पी फॉर पुणे, एन फॉर नाशिक" म्हणतो. पुणे इथल्या माणसाला माहीत नाही ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: ते "फॉर" घाईत "फोर" ऐकू येतं. "डी फॉर दिल्ली" म्हटल्यावर कुणी डी आणि ४ लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. विमा पॉलिसीच्या नंबरात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, तिथे तर हा घोटाळा हमखास होतो. इथे "ॲज इन" म्हणतात: व्ही ॲज इन व्हिक्टर, डी ॲज इन डेव्हिड, एन ॲज इन नॅन्सी. वैमानिकांची अल्फा-ब्राव्हो-चार्ली येत असेल तर उत्तमच, पण त्याची गरज नाही. कुठलंही साधं इंग्रजी नाव चालतं. सगळ्याच अक्षरांना शब्द जोडत बसू नका, फसणाऱ्या अक्षरांनाच जोडा. आडनाव लांब असेल, क्षीरसागरसारखं, तर तीन-तीन अक्षरांनी थांबत सांगा. आपला "व" अमेरिकन कानाला कधी व्ही वाटतो, कधी डब्ल्यू, त्यामुळे वैद्य, वर्तक, वाघ या मंडळींनी पहिलं अक्षर नेहमी फोडून सांगावं. आणि शेवटचं इंग्रजी अक्षर इथे "झी" असतं, "झेड" नव्हे.

औषधाच्या निरोपात मात्र मी हात जोडून सांगते, घाई करू नका. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर एकच ऐकू येतात. १५ मिलिग्रॅम आणि ५० मिलिग्रॅम यांत किती अंतर आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणून "फिफ्टीन, वन-फाइव्ह" असं दोन्ही प्रकारे सांगायचं. औषधाचं नाव बाटलीवरून अक्षर-अक्षर वाचायचं. हायड्रॉक्सिझीन आणि हायड्रॅलझीन ही दोन नावं मोठ्याने म्हणून बघा. पहिलं खाजेवर देतात, दुसरं रक्तदाबावर. बाटलीच्या लेबलवर प्रिस्क्रिप्शन नंबर असतो, तो सांगितलात तर फार्मसीचं अर्धं काम तिथेच होतं.

शब्दांचंही थोडं सांभाळावं लागतं. आपण इंग्रजी समजून जे बोलतो, त्यातलं काही इथे कुणाला कळत नाही. "लूज मोशन" म्हटलं तर नवी मुलगी काय लिहावं म्हणून थांबते, तिथे "डायरिया" म्हणा. "गिडिनेस"ऐवजी "डिझी". "सोनोग्राफी"ऐवजी "अल्ट्रासाउंड". पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि बोलताना बहुतेक जण टायलेनॉल म्हणतात, क्रोसिन कुणालाच ठाऊक नाही. अपॉइंटमेंट "प्रीपोन" करा म्हणालात तर पलीकडे नुसती शांतता. "अर्लियर" हवी म्हणा.

काम एका वाक्यात सांगा, आणि त्या वाक्यात तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते असू द्या. रिपोर्ट हवा आहे, की औषध संपत आलं आहे, की तारीख बदलायची आहे? आजाराचा इतिहास निरोपात नको. तो नर्स फोनवर विचारेलच, आणि बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग दोन-तीन मिनिटांनी आपोआप तुटतं. कुठल्या वेळेत फोन उचलू शकाल तेही सांगा. नाहीतर त्यांचा फोन येतो तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये, तुमचा जातो तेव्हा त्या जेवायला, असं आठवडाभर चालतं.

मी ताईंना असं बोलायला सांगेन (नावं आणि नंबर नमुन्याचे आहेत): "हॅलो, आय ॲम कॉलिंग अबाउट अ पेशंट, सुनंदा वैद्य. लास्ट नेम व्ही ॲज इन व्हिक्टर, ए, आय, डी ॲज इन डेव्हिड, वाय, ए. डेट ऑफ बर्थ, ऑगस्ट फोर्टीन्थ, नाइन्टीन फिफ्टी-टू. माय नंबर इज सेव्हन थ्री टू… फाइव्ह फाइव्ह फाइव्ह… झीरो वन फोर टू. आय ॲम हर डॉटर-इन-लॉ, शुभदा. शी हॅड अ ब्लड टेस्ट ऑन मार्च सिक्स्थ अँड वी नीड द रिझल्ट्स. आय कॅन टॉक आफ्टर ट्वेल्व्ह. अगेन, सेव्हन थ्री टू… फाइव्ह फाइव्ह फाइव्ह… झीरो वन फोर टू. थँक यू." सावकाश बोललं तरी पाऊण मिनिट. हे कागदावर लिहून समोर ठेवायला लाज वाटू देऊ नका. मी स्वतः आजही विमा कंपनीला फोन करताना लिहून ठेवते. चुकलात तर घाबरू नका. बऱ्याच यंत्रणांमध्ये बोलून झाल्यावर पाउंड दाबलं, म्हणजे आपण जिला हॅश म्हणतो ती कळ, की निरोप पुन्हा ऐकण्याची किंवा नव्याने रेकॉर्ड करण्याची सोय मिळते.

सासूबाईंच्या बाबतीत अजून एक अडचण असू शकते. रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा १९९६ चा कायदा आहे, सगळे त्याला हिपा म्हणतात. त्यामुळे बहुतेक दवाखाने दुसऱ्या व्यक्तीशी रिपोर्टबद्दल बोलण्याआधी पेशंटची लेखी संमती मागतात. सूनबाईंचा निरोप कितीही स्वच्छ असला तरी फाइलमध्ये तो कागद नसेल तर नर्सचा हात आखडतो. पुढच्या भेटीत सासूबाईंकडून तुमच्या नावाने तो फॉर्म भरून घ्या. त्याच फॉर्मवर बहुधा एक चौकोन असतो, व्हॉइसमेलवर सविस्तर निरोप ठेवला तर चालेल का? तो चालणार असेल तर खूण करा. नाहीतर आम्ही फक्त "दवाखान्यातून बोलतेय, फोन करा" एवढंच ठेवून देतो.

आता एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तातडीचं काही असेल तर व्हॉइसमेल ठेवूच नका. काही वर्षांपूर्वी सोमवारी सकाळी मी शुक्रवार संध्याकाळचा निरोप ऐकला. सहा वाजून गेल्यावर आलेला, बाळाला ताप होता, आई रडवेली. आमची सुरुवातीची सूचना पूर्ण न ऐकता त्यांनी बीपवर बोलायला सुरुवात केली होती. त्या सूचनेत सांगितलेलं असतं की जिवावरचं असेल तर ९११, आणि डॉक्टरांशी आत्ताच बोलायचं असेल तर अमुक कळ दाबा. ती कळ दाबली की रात्रीही माणूस फोन उचलतो आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवतो. साधा व्हॉइसमेल शनिवार-रविवारी कुणी ऐकत नाही. मी थरथरत्या हाताने फोन लावला. त्यांनी शनिवारी पहाटे बाळाला इमर्जन्सीत नेलं होतं आणि बाळ बरं होतं. पण ती रात्र त्या आईने आमच्या फोनची वाट बघत काढली होती. ती सूचना कितीही लांब वाटली तरी शेवटपर्यंत ऐका.

आणि आता ताईंना मला उलट एक प्रश्न विचारायचा आहे. दवाखान्याने फोन केला नव्हता, हे नक्की का?

आपल्याकडे व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि मिस्ड कॉल हाच आपला निरोप झाला. कॉल दिसला की समोरचा फोन करणारच, हे गृहीत. पुढे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले, पण ते ओळखीच्यांत. इथे उलट आहे. मिस्ड कॉलला काही अर्थ नसतो, निरोप नाही म्हणजे काम नव्हतं. भामट्यांचे फोन इतके येतात की अनोळखी नंबर लोक उचलतच नाहीत. आयफोनवर २०१९ पासून अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, आणि नव्याने आलेले खूप जण ती चालू ठेवतात. मग दवाखान्याचा फोन वाजतच नाही, थेट व्हॉइसमेलवर जातो. आणि तिथे काय असतं? कितीदा तरी आम्हाला ऐकू येतं की या व्यक्तीने व्हॉइसमेल अजून सुरू केलेला नाही, किंवा मेलबॉक्स भरला आहे. आमच्या बाजूने फॉर्मवर नोंद होते: फोन केला, निरोप ठेवता आला नाही. काम आमच्या लेखी झालेलं असतं आणि तुम्ही वाट बघत असता. माझ्या अंदाजाने भारतीय घरांतल्या "फोनच आला नाही"च्या तक्रारींमागे हे कारण फार वेळा असतं.

तुमच्या स्वतःच्या व्हॉइसमेलच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात तुमचं नाव असू द्या. कंपनीने दिलेला नुसता नंबर वाचणारा आवाज असेल तर आम्हाला खात्री वाटत नाही की हा योग्य माणूस आहे, आणि खात्री नसेल तर आम्ही रिपोर्टचा एक शब्दही ठेवत नाही. "हॅलो, यू हॅव रीच्ड शुभदा वैद्य, प्लीज लीव्ह अ मेसेज" एवढं पुरे. घरी सासूबाई फोन उचलत असतील तर त्यांच्या फोनवरही असं काही करून ठेवा.

तेव्हा चौथा निरोप ठेवण्याआधी आज रात्री घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर फोन लावा आणि उचलू नका. पलीकडून काय ऐकू येतं ते शेवटपर्यंत ऐका. मेलबॉक्स भरलेला असेल तर जुने निरोप आधी ऐका, दवाखान्याचा त्यात असू शकतो. मग मंगळवार किंवा बुधवार बघून सकाळी दहानंतर दवाखान्यात फोन करा. त्या वेळी बहुधा आमच्यापैकी कुणीतरी फोन उचलतंच.